उतारावरचे सांस्कृतिक केंद्र : माती, मुरूम आणि पाण्याच्या हिशोबाने आराखडा कसा करावा

तालुक्याच्या गावी सांस्कृतिक भवन बांधायचे ठरले, की पहिल्याच आठवड्यात जेसीबी येतो, उताराची जागा सपाट करतो आणि निघालेला मुरूम ट्रकमधून कुणाच्या तरी भरावाला जातो. मग त्या सपाट जागेवर एक लांबट सभागृह उभे राहते. त्याची पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये संध्याकाळपर्यंत तापत राहते, पाठीमागचे कापलेले टेकाड दर पावसाळ्यात थोडे थोडे खाली येते, आणि लग्नसराईचे भाडे सोडले तर त्या इमारतीचा गावाच्या कलेशी फारसा संबंध उरत नाही. यातला मुख्य दोष आराखड्याच्या क्रमात आहे. खोल्यांची यादी आधी ठरते आणि जमीन तिच्या मापाने कापली जाते. या लेखात क्रम उलटा धरला आहे. आधी जमिनीचा उभा छेद (जमीन उभी कापली तर दिसेल ती चढ-उताराची आकृती) वाचायचा, मग पाण्याची वाट ठरवायची, मग मातीचा जमाखर्च मांडायचा आणि त्यातून इमारत काढायची. सगळ्या कामावर एकच कसोटी लावायची : आवारातून मातीची एकही गाडी बाहेर जाता कामा नये आणि बाहेरची एकही आत येता कामा नये.

उदाहरणासाठी सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारी पट्ट्यातली, वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पावसाची, सुमारे तीन एकरांची एक काल्पनिक जागा घेऊ. ती दक्षिणोत्तर ९० मीटर आणि पूर्व-पश्चिम १२८ मीटर आहे. रस्ता पश्चिमेला, वरच्या अंगाला आहे आणि ओढा पूर्वेला, खालच्या अंगाला. वरचे ४० मीटर १:२० (वीस मीटरला एक मीटर) असा मंद उतार आहे, मधले ४८ मीटर १:८ आणि ओढ्याजवळचे ४० मीटर जवळजवळ सपाट, म्हणजे १:४०. एकूण पडझड नऊ मीटरची. पूर्वेकडे उतरणारी जागा मिळणे हे भाग्य समजावे. इमारतीची पश्चिम बाजू टेकडात टेकवता येते, म्हणजे दुपारनंतरचे ऊन आणि पावसाळी वारा या दोन्ही गोष्टी जमीनच अंगावर घेते.

पहिला टप्पा : जागा वर्षभर पाहणे

मोजणी अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांसह (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांसह) करून घ्यावी. नकाशावर मोठी झाडे, जुने बांध, दगडी ताली, पौळी (रचलेल्या दगडांच्या कुंपणभिंती), पाऊलवाटा आणि ओघळी यांची नोंद असावी. साधा मोजणीदार पौळ आणि पाऊलवाट सोडून देतो, त्यामुळे तसे लेखी सांगावे लागते. पाऊलवाट ज्या रेषेने जाते ती रेषा सहसा सर्वांत सोपी चढण असते आणि पुढे आवारातील मुख्य रस्ता तिच्यावरच बसतो. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उताराच्या डोंगरजमिनीवर बांधकामाला मनाई आहे. म्हणून समोच्च नकाशा हाती येताच असे पट्टे रंगवून बाजूला काढावेत.

त्यानंतर चाचणी खड्डे घ्यावेत. तीन एकरांत किमान पाच खड्डे, प्रत्येकी तीन मीटर किंवा खडक लागेपर्यंत खोल. या पट्ट्यात वरून काळी किंवा तांबूस माती, तिच्याखाली मुरूम, मग कुजका दगड आणि शेवटी काळा पाषाण असा क्रम बहुधा मिळतो, मात्र प्रत्येक थराची जाडी दहा-वीस मीटरच्या अंतरातही बदलते. खडक दीड मीटरवर लागला, तर सुरुंग लावून खोल जाण्यापेक्षा इमारत सरकवणे स्वस्त पडते. खड्ड्यांभोवती कुंपण घालून त्यांतले दोन-तीन पावसाळाभर उघडे ठेवावेत आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाहावेत. दख्खनच्या पठारावर मुरलेले पाणी मुरमातून उतरते आणि खालच्या घट्ट खडकावरून आडवे वाहते. म्हणून टेकाड कापले की मुरूम आणि खडकाच्या सांध्यातून झरे फुटतात. मार्चमध्ये कोरडा ठणठणीत दिसलेला खड्डा ऑगस्टमध्ये कमरेइतका भरलेला असेल, तर तळघराचा विचार तिथेच संपला.

काळ्या मातीबद्दल येथेच ठाम राहावे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. भराव, पाया आणि भिंत या तिन्हींसाठी ती वर्ज्य आहे. तिचा थर पातळ असेल तर तो काढून पाया मुरमावर न्यावा. थर जाड असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी विकसित केलेल्या, तळाशी फुगीर खांबांच्या पायाचा विचार संरचना अभियंत्याकडून करून घ्यावा. भिंतीसाठी आपल्या पूर्वजांनी गावठाणातली पांढरी माती वापरली, मराठवाड्यातल्या अनेक गढ्या तिच्याच आहेत. पण पांढरीचे टेकाड ही पुष्कळदा जुन्या वस्तीची जागा असते, तिच्यात पुरातत्त्वीय अवशेष असू शकतात. केंद्रासाठी ती खणून आणू नये.

दुसरा टप्पा : पाण्याची वाट

टेकडात टेकलेल्या इमारतीचा खरा शत्रू मातीचा भार नसून तिच्यात साठलेले पाणी आहे. म्हणून खोल्यांची एकही रेष काढण्याआधी पाण्याचा आराखडा पूर्ण करावा.

वरच्या अंगाला आपल्याकडे उतरणारे पाणलोट किती आहे, ते मोजावे. समजा ते दोन हेक्टर आहे. तासाला ६० मिलिमीटर वेगाने पडणारी जोराची सर धरली आणि त्यातले ४० टक्के पाणी वाहून येईल असे मानले, तर सेकंदाला सुमारे १३३ लिटर पाणी इमारतीच्या पाठीवर येते. हे पाणी अडवण्यासाठी इमारतीच्या वर किमान पाच-सहा मीटर अंतरावर, समोच्च रेषेला जवळजवळ समांतर असा चर काढावा. तळ ६० सेंटिमीटर, खोली ४५ सेंटिमीटर, दगडी अस्तर आणि लांबीला १:१०० चा उतार, एवढ्या मापाचा चर या गरजेच्या दुप्पट पाणी वाहून नेतो. ही दुप्पट क्षमता उधळेपणाची वाटेल, पण पानगळ आणि गाळ यांनी चर अर्धा भरलेला असतानाच पहिली मोठी सर येते. चराची दोन्ही टोके आवाराच्या दोन बाजूंनी खाली उतरवावीत. उतरताना दर मीटरभर उंचीला दगडी पायरी द्यावी, म्हणजे वेग मोडतो आणि ओघळ पडत नाही.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. कोणत्याही खोलीची फरशी उताराच्या खालच्या बाजूच्या जमिनीपेक्षा खाली जाऊ नये. हा नियम पाळला, तर इमारतीभोवतीचे सगळे पाणी स्वतःच्या वजनाने निघून जाते. वास्तुरचनेच्या मासिकांतून दिसणारी, चारही बाजूंनी जमिनीत उतरलेली अंगणे देखणी असतात, पण पंप बंद पडलेल्या रात्री त्यांचे तळे होते. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या ताब्यात जाणाऱ्या इमारतीत पंपावर विसंबणारे अंगण देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. बारवेसारखा पायऱ्यांचा खोलगट चौक हवाच असेल, तर त्याची एक बाजू उताराकडे मोकळी सोडावी.

छपराच्या पाण्याचाही हिशोब ठेवावा. ८०० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर ३ लाख ८४ हजार लिटर पाणी मिळते. त्यातले लाखभर लिटर टाकीत ठेवावे आणि बाकीचे ओढ्याजवळच्या सपाट पट्ट्यात मुरवावे. ते इमारतीच्या वरच्या अंगाला कधीही मुरवू नये.

तिसरा टप्पा : कुणासाठी, हे नीट विचारणे

जागा वर्षभर पाहिली जात असताना वापरणाऱ्यांशी बोलावे, आणि ‘तुम्हाला काय हवे’ असे न विचारता ‘तुम्ही काय करता’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळे ‘वातानुकूलित सभागृह’ असे उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नातून खरी मापे मिळतात. भजनी मंडळाला गोल बसायला ओसरी पुरते. लेझीम पथकाला सपाट, धूळ न उडणारे मैदान हवे. भोंडल्याला फेर धरण्याइतका आणि रस्त्यावरून थेट न दिसणारा चौक हवा. कीर्तनाला श्रोते मांडी घालून बसतात, त्यामुळे खुर्चीच्या मापाच्या पायऱ्या त्यांच्या कामाच्या नाहीत. तमाशाचा फड ट्रक घेऊन येतो, म्हणून रंगमंचाला लागून ट्रक वळेल एवढी सपाट जागा हवी. फडातल्या स्त्री कलावंतांना आतून कडी लागणारी खोली, जोडून न्हाणीघर व स्वच्छतागृह, आणि लहान मुलांना निजवायला शांत कोपरा हवा. सरकारी खर्चाने झालेल्या कित्येक रंगमंचांमागे ही शेवटची सोय नसते, आणि लोककलेच्या नावाने बांधलेल्या इमारतीत ती नसणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

या चौकशीतून बहुधा असे दिसते, की भिंती लागणाऱ्या खोल्या थोड्याच असतात. एक २५० माणसांचे सभागृह, रंगपटाच्या (कलावंतांनी तयार होण्याच्या) खोल्या, ग्रंथालय, वाद्ये व वस्तूंचे दालन, कार्यशाळा आणि कोठार. उरलेले सगळे ओटा, पडवी, पार आणि मोकळे रंगपीठ यांत भागते.

चौथा टप्पा : छेदातून आराखडा

आता एका मोठ्या कागदावर पूर्व-पश्चिम छेद काढावा आणि त्यावर खोल्या बसवाव्यात. वरच्या मंद पट्ट्यात वाहनतळ, झाडाचा पार आणि ग्रंथालय. मधल्या १:८ च्या पट्ट्यात दक्षिणेकडे सभागृह, उत्तरेकडे, जिथे जमीन मुळातच थोडी खोलगट असेल तिथे, मोकळे रंगपीठ, आणि या दोहोंच्या मध्ये दोघांनाही उपयोगी पडणारे रंगपट. खालच्या सपाट पट्ट्यात दालन, कार्यशाळा आणि ट्रकचा तळ. ट्रकचा रस्ता प्रेक्षकांच्या रस्त्यापासून अगदी सुरुवातीलाच वेगळा करावा.

वरून प्रवेश करून खाली उतरत जाण्याची ही रचना भोपाळच्या भारत भवनात प्रत्यक्ष पाहता येते. चार्ल्स कोरिया यांनी रचलेले आणि १९८२ साली खुले झालेले हे केंद्र मोठ्या तलावाकडे उतरणाऱ्या टेकडावर आहे. येणाऱ्याला समोर इमारत दिसत नाही, गच्च्यांचे टप्पे आणि पलीकडचे पाणी दिसते. पायऱ्यांनी खाली उतरल्यावर चौक लागतात आणि चौकांतून दालने उघडतात. तिथून घेण्यासारखा धडा म्हणजे छपरांचा वापर. खालच्या खोलीचे छप्पर हे वरच्या पातळीचे अंगण होते आणि लोक तिथे बसतात. जवळचे उदाहरण हवे असेल, तर साताऱ्याजवळच्या लिंब गावातली, अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर पाहावी. विहिरीच्या दगडी बांधकामातच बसण्याचा महाल आहे. मे महिन्याच्या दुपारी तिथे उभे राहिले, की जमिनीच्या पोटातला गारवा म्हणजे काय, ते आकडे न मांडताही कळते. तीन-चार मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभर त्या ठिकाणच्या सरासरीजवळ राहते, उन्हाळ्याची झळ तिथे पोचत नाही.

रंगपीठाची मापे अशी धरावीत. मांडी घालून बसायला पायरीची रुंदी एक मीटर आणि उंची ३० सेंटिमीटर असावी. पाय सोडून बसणाऱ्या वृद्धांसाठी मागच्या दोन पायऱ्या ४५ सेंटिमीटर उंच कराव्यात. तीस सेंटिमीटरच्या दहा पायऱ्यांना दहा मीटर अंतरात तीन मीटर चढ लागतो. जमीन त्यातला सव्वा मीटर मुळातच देते. उरलेला पावणेदोन मीटर चढ खालच्या निम्म्या भागात कापून आणि तीच माती वरच्या निम्म्या भागात भरून मिळतो, म्हणजे रंगपीठ स्वतःचा मातीचा हिशोब स्वतःच भागवते. श्रोत्यांचे तोंड पूर्वेला येते, त्यामुळे मावळतीचे ऊन त्यांच्या पाठीवर राहते. कलावंताच्या डोळ्यांवर मात्र ते येते, म्हणून कार्यक्रम दिवेलागणीनंतर ठेवावेत किंवा मागच्या पायरीवर करंज, कडुनिंबाची रांग लावावी. ध्वनिक्षेपकाशिवाय शब्द ऐकू जावेत अशी इच्छा असेल, तर शेवटचा श्रोता रंगमंचापासून २५ मीटरच्या आत ठेवावा आणि रंगमंचाच्या मागे उघड्या दगडाची भिंत घालावी.

नऊ मीटरची पडझड चाकाच्या खुर्चीने उतरायची, तर १:१२ च्या उताराने १०८ मीटर लांबीचा मार्ग लागतो आणि दर नऊ मीटरला विसाव्याची सपाट जागा लागते. हा मार्ग शेवटी इमारतीला चिकटवला, तर तो लोखंडी कठड्यांचा गुंता होतो. म्हणून तोच मुख्य रस्ता करावा, समोच्च रेषांना तिरका छेद देत न्यावा आणि प्रत्येक विसाव्याच्या जागी एखादा दरवाजा, ओटा किंवा झाड यावे अशी योजना करावी. पायऱ्या घाईच्या माणसांसाठी वेगळ्या असू द्याव्यात.

पाचवा टप्पा : मातीचा जमाखर्च

सभागृह पूर्व-पश्चिम २० मीटर आणि दक्षिणोत्तर १५ मीटर धरले आणि फरशी पूर्वेकडच्या जमिनीच्या पातळीवर ठेवली, तर पश्चिम टोकाला अडीच मीटर आणि सरासरी सव्वा मीटर खोल कापावे लागते. म्हणजे ३७५ घनमीटर. भिंतीमागची काम करण्याची जागा व रंगपटाचे खोदकाम धरून हा आकडा ५३० च्या आसपास जातो. खर्चाच्या बाजूला खालच्या दालनांच्या जोत्यातला भराव १८० घनमीटर, दाबलेल्या मातीच्या विटांच्या भिंती ११०, भिंतीमागचा भराव ६०, रस्ते व ट्रकचा तळ १५०. बेरीज ५०० होते आणि उरलेले ३० उचल-ठेवीत जातात. पहिल्या आराखड्यात असा मेळ बसत नाही. मग सभागृहाची पातळी २०-३० सेंटिमीटर वर करून पाहावी. फरशी अर्धा मीटर उचलल्याने मातीचा जमाखर्च दीडशे घनमीटरने बदलतो. खोदलेला मुरूम मोकळा झाला की २० ते ३० टक्के फुगतो, त्यामुळे ढीग ठेवण्याची जागाही आराखड्यात दाखवावी.

वरचा १५ सेंटिमीटरचा सुपीक थर या हिशोबात धरू नये. तो आधी वेगळा काढून, झाकून ठेवावा. छपरावरच्या आणि उतारावरच्या गवतासाठी तोच लागतो, आणि त्यातच तिथल्या गवतांचे बी असते. खोदताना निघालेले दगड ठेकेदाराला देऊ नयेत. ते ताली, जोते आणि चराच्या अस्तराला लागतात. वडार समाजातल्या जुन्या कारागिरांना निघालेल्या डबरातून कोणता दगड दर्शनी आणि कोणता आतल्या भरीचा, हे नजरेने कळते. त्यांना आराखड्याच्या टप्प्यावरच बोलावून मजुरीने सल्ला घ्यावा.

सहावा टप्पा : टेकडाकडची भिंत

या इमारतीतला सर्वांत जोखमीचा भाग हाच. माती अडवणारी भिंत आणि सभागृहाची भिंत या दोन वेगळ्या बांधाव्यात आणि त्यांच्यामध्ये माणूस चालू शकेल असा ७५ सेंटिमीटरचा, वरून झाकलेला पण हवा खेळती राहणारा बोळ सोडावा. त्यात खर्च वाढतो, हे मान्य. पण एकाच भिंतीला बाहेरून डांबराचे थर देऊन ओल रोखण्याचा उपाय पाच-सात पावसाळ्यांनंतर दुरुस्त करता येत नाही, कारण गळणारी बाजू मातीत गाडलेली असते. बोळात शिरून गळती कुठे आहे ते दिसते, आणि आतली भिंत कोरडी राहते.

अडीच मीटर उंचीची डबराची भिंत स्वतःच्या वजनावर उभी राहणार असेल, तर तळाशी तिची रुंदी उंचीच्या निम्मी, म्हणजे सव्वा मीटर तरी धरावी. अंतिम माप अभियंत्याने मातीच्या चाचणीवरून द्यावे. भिंतीमागे ३० सेंटिमीटर खडी, खडी आणि मुरूम यांच्यामध्ये गाळणीचे कापड, तळाशी छिद्रांचा पाइप, आणि दर दीड मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची पाणी सोडणारी भोके. बोळाच्या तळाला पन्हळ असावी आणि ती दोन्ही टोकांना उघड्यावर निघावी.

सातवा टप्पा : मातीच्या भिंती आणि छप्पर

मातीच्या भिंतीची चर्चा महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे नाव घेतल्याशिवाय करू नये. त्या पहाटे मोठी प्राणहानी झाली, ती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचे माळवदाचे (मातीच्या सपाट छपराचे) प्रचंड ओझे कोसळल्यामुळे. तेव्हापासून माती म्हणजे धोका असा समज पसरला आहे. त्यात अर्धे तथ्य आहे. सांधा न बांधलेली भिंत आणि डोक्यावरचे ओझे हे धोक्याचे खरे घटक आहेत. म्हणून जोते, खिडकीचा तळ, दरवाजाचा माथा आणि छपराची बैठक या पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे द्यावेत, कोपऱ्यांत उभ्या सळया घ्याव्यात आणि सभागृहासारख्या मोठ्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या मोठ्या अंतराचे) छप्पर भिंतींवर न ठेवता स्वतंत्र सांगाड्यावर ठेवावे. मातीची भिंत मग भरीची राहते.

विटांसाठी चाळलेला मुरूम, थोडी चिकण असलेली तांबडी माती आणि पाच ते आठ टक्के सिमेंट यांचे मिश्रण यंत्रात दाबतात. बाटलीत माती आणि पाणी हलवून एक दिवस ठेवले, की वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे थर दिसतात. चिकणमाती फार असेल तर विटा तडकतात, फार कमी असेल तर कडा झडतात. हा घरगुती अंदाज झाल्यावर प्रयोगशाळेत भारतीय मानक १७२५ प्रमाणे तपासणी करून घ्यावी. विटा गोणपाटाखाली ओल्या ठेवून २८ दिवस मुरू द्याव्यात. धुमसाने ठोकलेली सलग भिंत दिसायला अधिक देखणी असते. तिच्यासाठी मातीचा ओलावा असा असावा, की मुठीत दाबलेला गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर चार-पाच तुकडे होतील. भुगा झाला तर पाणी कमी, चपटला तर जास्त. मात्र तशी भिंत ठोकणारे गडी गावात नसतील, तर हट्ट धरू नये.

कोणत्या मिश्रणाची भिंत टिकते, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दोन-तीन मिश्रणांच्या मीटरभर लांबीच्या नमुना भिंती बांधून एक पावसाळा उघड्यावर सोडणे. पागोळ्यांचे पाणी जमिनीवरून उसळून जोत्याला लागते, म्हणून जोते ६० सेंटिमीटर दगडाचे आणि वळचण ७५ ते ९० सेंटिमीटर बाहेर ठेवावी. जोत्यावर ओल आणि वाळवी अडवणारा थर विसरू नये.

गवताच्या छपराचे आकर्षण सर्वांनाच असते. १५ सेंटिमीटर भिजलेल्या मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे ३०० किलो होते, आणि झुडपांसाठी ४५ सेंटिमीटर माती घेतली तर ९०० किलो. सभागृहाच्या पंधरा मीटर गाळ्यावर हे ओझे चढवणे मला पटत नाही. तिथे हलके छप्पर आणि त्याखाली उष्णतारोधक थर घ्यावा. चार-पाच मीटर गाळ्याच्या रंगपटांवर आणि कोठारांवर मात्र गवत जरूर न्यावे, म्हणजे वरच्या पातळीचे अंगण तिथे मिळते. लॉन लावू नये. पवन्या, मारवेल, कुसळी ही इथली गवते चार महिने हिरवी आणि नंतर सोनेरी राहतात आणि उन्हाळ्यात पाणी मागत नाहीत. लोकांच्या बसण्याच्या जागी तेवढी कुसळी टाळावी, कारण ती कपड्यांत घुसते. उताराच्या कडांना वाळा लावावा. वड, पिंपळ भिंतीपासून चांगले दूर, पाराच्या जागीच असू द्यावेत.

सभागृहात समोरासमोरच्या गुळगुळीत भिंती हलगी-संबळाचा आवाज एकमेकींकडे फेकत राहतात. विटांमध्ये कमी-जास्त खोलीचे कोनाडे ठेवले, की हा दोष बराच कमी होतो, आणि वाद्ये मांडायला जागाही मिळते.

कामाचे वेळापत्रक आणि पुढची निगा

खोदकाम दिवाळीनंतरच सुरू करावे. वरचा चर सर्वांत आधी पूर्ण करावा, मग टेकाड कापावे आणि मेअखेर अडवणारी भिंत तिच्यामागच्या खडीसह पूर्ण उंचीला न्यावी. कापलेले टेकाड पावसाळ्यात उघडे राहणार असे दिसत असेल, तर त्या वर्षी कापूच नये, भले अनुदानाचा हप्ता पुढे जावो. विटा नोव्हेंबर ते मार्च या काळात पाडाव्यात.

इमारत ताब्यात देताना नकाशांबरोबर एक पानाची निगा-सूची द्यावी आणि ती बोळाच्या दारावर आतून लावावी. मृगाच्या आधी चर व पन्हळी साफ करणे, भोकांतली माती काढणे, छपरावरची रोपटी उपटणे, आणि दिवाळीनंतर गिलाव्याची डागडुजी, एवढी कामे तिच्यात येतात. प्रत्येक भोकाला क्रमांक रंगवावा आणि मोठ्या सरीनंतर कोणते वाहते, याची नोंद पहारेकऱ्याने वहीत ठेवावी. एखादे नेहमी वाहणारे भोक भर पावसात कोरडे दिसले, तर त्यामागे पाणी तुंबले आहे असे समजून त्याच दिवशी ते मोकळे करावे.